सरपणाचं पार्सल : पंख्याच्या शेगडीच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४

माळ्यावरची पंख्याची शेगडी (बॅटरीवरच्या छोट्या पंख्याने जाळाला हवा देणारी) आज खाली काढली. मागच्या हिवाळ्यात नागपूरच्या अ‍ॅग्रोव्हिजनमधून आणली होती. सोबत पाच किलो पेलेट (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या बारीक कांड्या) मिळाले होते, ते चारच दिवसांत संपले. नंतर पेलेट कुठे मिळतात ते कोणालाच सांगता येईना, म्हणून शेगडी कापडात गुंडाळून वर गेली.

आज काढायचं कारण वेगळं आहे. परवा नाल्यापलीकडे वाघाने गोऱ्हा मारला. वनरक्षक दवंडी देऊन गेला की आठ दिवस कोणी जंगलात जाऊ नका. त्याच्या आदल्याच दिवशी आई त्याच वाटेने मोळी घेऊन आली होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही-ब्रह्मपुरी पट्ट्यात वाघ ताडोब्याच्या हद्दीत थांबत नाही, शेताच्या धुऱ्यापर्यंत येतो. मोहफुलं वेचायला, सरपणाला गेलेल्या बाया परत आल्या नाहीत, असं आमच्याकडे जवळपास दरवर्षी कुठल्या तरी गावात घडतं. आई अठ्ठावन्न वर्षांची आहे. आठवड्यातून तीनदा जाते, एका खेपेला चार-पाच तास लागतात. हे थांबवायचं आहे. माझ्या सेवा केंद्रात गावभराची पार्सलं येतात. मोबाइल, साड्या, फवारणीचे पंप सगळं पार्सलने येतं, तर जळतणही येईल, असं वाटतं. शोधून बघतो.

घरात गॅस आहे. चहा, भाजी, रात्रीचं गरम करणं गॅसवर होतं. आंघोळीचं पाणी, भाताचा गंज आणि गाईचं आंबोण मात्र चुलीवरच. सिलिंडर साडेआठशेच्या घरात आहे. पाण्याला गॅस जाळायचा म्हटलं की आई गंज उचलून चुलीकडे जाते.

२० ऑगस्ट

दोन दिवस सरपण मोजलं. धान मोजायचा ताणकाटा सांदवाडीत (परसात) टांगला आणि चुलीत जाणारं प्रत्येक लाकूड आधी त्याला लावलं. काल सहा किलो, आज सहा किलो दोनशे ग्रॅम. पावसाळ्याचं ओलसर लाकूड आहे, फुंकणीने फुंकून आईचे डोळे लाल झाले. एकट्या आंघोळीच्या पाण्याला (चाळीस लिटर) सव्वादोन किलो लागलं. मी एवढं धरलं नव्हतं. चूल सगळ्यात जास्त खाते ती पाण्यालाच.

२१ ऑगस्ट

ऑनलाइन शोधायला बसलो. सरपण म्हणून शोधलं तर होमाच्या समिधा आणि शेणाच्या गोवऱ्या येतात, किलोला शंभर-दीडशे रुपये. कोळसा शोधला तर बार्बेक्यूचा. घरच्या शेगडीचं इंधन विकणारे फार थोडे. त्यात तीन प्रकार दिसले : लाकडाच्या भुशाचे पेलेट, शेतातल्या काडीकचऱ्याचे किंवा धानाच्या तुसाचे पेलेट, आणि ब्रिकेट म्हणजे मनगटाएवढे जाड ठोकळे. ब्रिकेट बॉयलरसाठी असतात, माझ्या शेगडीच्या भांड्यात बसणार नाहीत. मला सहा किंवा आठ मिलिमीटर जाडीचे पेलेट हवेत.

भावापेक्षा पार्सलखर्चाने डोळे उघडले. एका ठिकाणी पेलेट बावीस रुपये किलो, दहा किलो घेतले तर २२० रुपये, वर पोहोचवायचे २९०. घरात येईपर्यंत एकावन्न रुपये किलो.

कुरियरवाले दोन वजनं बघतात हे सेवा केंद्रामुळे माहीत होतं : खरं वजन, आणि खोक्याची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागून येणारं वजन. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. पंचवीस किलो पेलेट साधारण चाळीस लिटर जागेत मावतात, म्हणजे आकाराने वजन भरतं आठ किलो. इथे खऱ्या वजनाचेच पैसे पडणार, पाकीट कितीही घट्ट बांधा, काही वाचणार नाही. पोस्टाची स्पीड पोस्ट पस्तीस किलोपर्यंत घेते, पण आमचा डाकसेवक सायकलवर येतो. त्याच्या सायकलला पंचवीस किलोची चुंगडी (पोतं) बांधायला सांगणं मला पटत नाही.

२५ ऑगस्ट

आज फक्त हिशेब. कोणत्या भावाला पेलेट परवडतात, तो आकडा हातात असल्याशिवाय ऑर्डर करायची नाही असं ठरवलं.

एक किलो गॅसमध्ये सुमारे १०,८०० किलोकॅलरी उष्णता असते. आपल्या शेगडीवर त्यातली साठ टक्के भांड्याला लागते असं धरलं तर साडेसहा हजार हाती येते. चांगल्या पेलेटच्या किलोत चार हजार. पंख्याच्या शेगडीने किमान ३५ टक्के उष्णता भांड्याला द्यावी, अशी भारतीय मानकाची (आयएस १३१५२) अट आहे, बिनपंख्याच्या शेगडीला २५ टक्के. प्रयोगशाळेत निघणारा आकडा आमच्या सपरीत (पडवीत) वाऱ्यावर निघणार नाही, म्हणून मी ३० धरले. एका किलोतून बाराशे मिळाले. म्हणजे एक किलो गॅसचं काम करायला जवळपास साडेपाच किलो पेलेट लागतात, आणि एका सिलिंडरची बरोबरी सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोंनी होते.

गॅस पडतो साठ रुपये किलो. त्याला साडेपाचने भागलं की अकरा. सपरीत चुंगडी उतरली तेव्हा पेलेटचा भाव अकरा रुपये किलोच्या आत असेल, तर गॅसपेक्षा स्वस्त. वर गेला तर नाही.

उज्ज्वलावाल्या घरांना सिलिंडरमागे तीनशे रुपये अनुदान मिळतं. त्यांच्यासाठी हाच आकडा सातवर येतो. सात रुपयांत घरपोच पेलेट मिळतील असं मला दिसत नाही, आणि हे त्यांना आधीच सांगितलं पाहिजे.

केंद्राच्या भिंतीवर खडूने ११ लिहून ठेवलं.

३० ऑगस्ट

तरीही एक ऑर्डर पार्सलनेच केली. माल हातात घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. वीस किलो, सोळा रुपयांनी ३२०, पोहोचवायचे ३४०. ‘अ‍ॅग्रो पेलेट’ एवढंच लिहिलंय, कशापासून केलेत ते नाही. विचारलं, उत्तर आलं नाही. तेव्हाच थांबायला हवं होतं.

९ सप्टेंबर

पोळा झाला, तान्हा पोळा झाला, गणपती बसले. पार्सल आज मिळालं. आमचा पिनकोड त्या कुरियरच्या घरपोच यादीत नाही, म्हणून माल तालुक्याला उतरवला आणि फोन केला. फोन आला तेव्हा चुंगडी तिथे दोन दिवसांपासून पडून होती, तीही बाहेरच्या ओट्यावर. दोन्ही दिवस पाऊस होता. ऑटोचे साठ रुपये देऊन आणली.

चुंगडीचा एक कोपरा फुगून बसला होता. आत हात घातला तर वरचे पेलेट खडखडीत, कोपऱ्यातले मात्र ओल्या पिठासारखे, बोटांना चिकटणारे. दाबून तयार केलेल्या भुशाला पाणी लागलं की तो पुन्हा भुसाच होतो, लाकडासारखा वाळत घालता येत नाही. सात किलो गेले. ३२०, ३४० आणि ६० मिळून ७२०, कामाचा माल तेरा किलो. पंचावन्न रुपये किलो पडला. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्याने कुरियरकडे बोट दाखवलं, कुरियरने पॅकिंगकडे.

आईने मूठभर हातात घेऊन बघितलं. म्हणाली, “हे तं ढोराचं खाद्य दिसते बाप्पा. गाईपासून दूर ठेव, थे तोंड घालन.”

बरोबर बोलली. चुंगडी कोठीत ठेवली.

११ सप्टेंबर

महालक्ष्म्यांचा स्वयंपाक. सोळा भाज्या, आंबील, पुरण. सगळं चुलीवर आणि गॅसवर. अशा दिवशी नवी शेगडी मध्ये आणायची नाही.

१४ सप्टेंबर

पहिला जाळ. शेगडी सपरीच्या उघड्या बाजूला ठेवली, घरात नाही. भांड्यात एक किलो पेलेट, वर तुराट्यांचे बोटभर तुकडे आणि कापराच्या दोन वड्या. ही शेगडी वरून पेटवायची असते. जाळ खाली सरकत जातो, खालच्या थरातून निघणारा धूर वर येऊन पंख्याच्या हवेत जळतो. म्हणूनच धूर दिसत नाही. चार-पाच मिनिटांत ज्योत निळसर-पिवळी उभी राहिली. आई दोन हातांच्या अंतरावर बसली होती आणि पदर नाकाला नव्हता. चुलीपुढे तिला असं बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

पण पाव तासाने ज्योत बुटकी झाली. पंखा वाढवला तरी उठेना. संपल्यावर भांडं उपडं केलं तर राखेचे पेलेट निघाले : तेवढेच लांब, तेवढेच जाड, करडे-पांढरे, बोट लावलं की चुरा होणारे. वजन केलं, किलोमागे १७० ग्रॅम. तेव्हा उलगडलं. हे धानाच्या तुसाचे पेलेट आहेत. तुसात वाळूत असतो तसा सिलिका भरपूर असतो, तो जळत नाही, त्याचा सांगाडा तसाच उभा राहतो आणि जाळीची भोकं बुजवतो. आम्ही धानपट्ट्यातली माणसं. तूस जळल्यावर किती राख राहते ते गिरणीच्या मागचा ढीग बघून लहानपणापासून माहीत आहे. पॅकिंगवर ‘अ‍ॅग्रो’ लिहिलं होतं म्हणून ओळखलं नाही.

राख आईने ठेवून घेतली. गंज घासायला चांगली आहे म्हणते.

२ ऑक्टोबर

आता विकणाऱ्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जात नाही. कशापासून केलेत, राख किती टक्के, ओलावा किती टक्के, जाडी किती. लाकडाच्या भुशाच्या पेलेटमध्ये राख एक-दोन टक्के आणि ओलावा दहाच्या आत असायला हवा. नागपूरच्या बाजूला आरा मशीनच्या भुशापासून पेलेट करणारा एक कारखानदार सापडला. तो बॉयलरवाल्यांना टनाने विकतो. किरकोळ देत नाही म्हणाला, पण बोलता बोलता नमुना द्यायला तयार झाला. भाव साडेआठ, वर जीएसटी.

नमुन्याचे दोन किलो एसटीच्या पार्सलने मागवले. उमरेड, भिवापूर, नागभीड करत बस येते, संध्याकाळी स्टँडवरून उचललं. एवढ्या लहान मालाला याहून सोपी वाट मला दिसली नाही.

५ ऑक्टोबर

नमुन्याची परीक्षा. एक पेलेट पेल्याभर पाण्यात टाकला. सरळ तळाला गेला, म्हणजे चांगला दाबलेला आहे. मग कडेने फुगत गेला, थोड्या वेळात ढवळलं तर सगळा भुसा. हे होणारच. चुंगडीच्या तळाशी चाळून चुरा बघितला, नमुन्यात चिमूटभरच होता. चुरा जास्त असला की हवेची वाट अडते.

जाळ : चाळीस लिटर पाणी, आठशे ग्रॅम पेलेट. हिशेबातही एवढेच आले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. आठशे वीस. राख चमचाभर.

ज्योत संपल्यावर तळाशी निखारे राहतात, लाल, बिनधुराचे. हे लिहून ठेवतो कारण हे घराघरात सांगायचं आहे : धूर दिसत नाही म्हणून शेगडी थंडीत खोलीत घेऊन दार लावायचं नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. ज्योत गेली की मी निखारे पत्र्याच्या डब्यात ओतून झाकण घट्ट लावतो. विझलेला कोळसा इस्त्रीला जातो.

२७ ऑक्टोबर

बचत गटाच्या बैठकीत शेगडी पेटवून दाखवली. गटातल्या सहा घरांत आधीच अशाच किंवा बिनपंख्याच्या सुधारित शेगड्या आहेत, सगळ्या माळ्यावर, सगळ्या पेलेट संपल्यामुळे. मी एकटाच नव्हतो. शेगडी देणारे येतात आणि जातात, इंधन आणणारं कोणी येत नाही.

एक काकू म्हणाल्या, “लाकडं फुकट भेटतेत. पैसे कायले द्याचे?” मी हिशेब सांगायला लागलो, त्याआधीच शेजारच्या वहिनी बोलल्या की माझ्या नणंदेला विचारा फुकट का विकत. त्यांची नणंद नागभीडकडची, तिच्या जावेला दोन वर्षांपूर्वी वाघाने नेलं. त्यानंतर त्या विषयावर कोणी बोललं नाही. उज्ज्वलाच्या घरांना मी सातचा आकडा सांगितला आणि गॅस पुरत असेल तर पेलेट घेऊ नका म्हटलं. अन्नपूर्णा योजनेतले तीन सिलिंडर मोफत आहेत ते आधी घ्या. तरी दहा घरांनी नावं दिली. पाचशे किलो.

१५ नोव्हेंबर

दिवाळी झाली, गावोगाव मंडई (दिवाळीनंतरची जत्रा) सुरू आहे, रात्री नाटकं. हलकं धान कापून झालं, भारी धान उभं आहे. पाचशे किलोचे पैसे भरले. पार्सल नाही, ट्रान्सपोर्टने. माल तालुक्याच्या गोडाऊनला, बिल्टी (मालाची पावती) माझ्या नावावर. मतदान २० तारखेला आहे, गाड्या निवडणुकीच्या कामाला लागल्यात, त्याआधी माल निघणार नाही म्हणून सांगितलं.

२५ नोव्हेंबर

माल आला. पन्नास किलोच्या दहा चुंगड्या, प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या (हे मी लिहून घेतलं होतं). गोडाऊनमध्ये काट्यावर घातल्या. आठ बरोबर, दोन चुंगड्यांत एक-सव्वा किलो कमी. बिल्टीवर तसं लिहून सही घेतली, कारखानदाराने पुढच्या वेळी भरून देतो म्हटलं.

हिशेब : माल ४,२५०, जीएसटी २१२, भाडं ८००, दोन्हीकडची हमाली २००, तालुक्याहून गावात टेम्पो ५००. एकूण ५,९६२. किलोला बारा रुपयांना आठ पैसे कमी.

पार्सलच्या पंचावन्नहून बारावर आलो. पण भिंतीवर अकरा आहे.

आणखी एक चूक माझी. पन्नास किलोची चुंगडी आईला हलवत नाही. दुपारी मी केंद्रात असतो, तेव्हा ती तोंड उघडून डब्याने काढते आणि तोंड बांधायचं राहतं. पुढची ऑर्डर पंचवीसच्या चुंगड्यांत.

१२ डिसेंबर

भारी धानाचा चुरणा (मळणी) चालू आहे. मजुरांचा भात मोठ्या गंजात, तो चुलीवरच. शेगडीवर एवढं भांडं बसत नाही आणि बसवूही नये, कलंडेल. चूल ठेवायची आहे. पंख्याची बॅटरी मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होते, दोन दिवस लाइट नव्हती तेव्हा केंद्रातल्या इन्व्हर्टरवर केली. दहापैकी दोन घरांनी पेलेट बिनपंख्याच्या शेगडीत वापरून पाहिले, त्यांना धूर येतो. त्या शेगडीत पेलेट अर्ध्यापर्यंतच भरायचे आणि मधे तुराट्या उभ्या ठेवायच्या, असं करून बघितलं, थोडा फरक पडला. अजून समाधान नाही.

६ जानेवारी २०२५

धान गिरणीवाल्या मामाजींकडे दाखल्याच्या कामाने गेलो होतो. त्यांची गाडी तांदूळ घेऊन नागपूरला जाते आणि परत येताना बहुतेक रिकामी असते. मी विचारलं. म्हणाले, “रिकामीच येते नं, डिझेल तं जळतेच. हजार किलो असन तं नऊशे रुपये दे, गावातच उतरवून देतो.”

एवढी सरळ गोष्ट पाच महिन्यांत माझ्या डोक्यात आली नाही. मी माल इकडे कोण आणतं ते शोधत होतो, इथून तिकडे काय जातं ते बघितलंच नव्हतं.

१९ जानेवारी

हजार किलो, पंचवीसच्या चाळीस चुंगड्या, एकोणीस घरं. माल आणि जीएसटी ८,९२५, गाडी ९००, चढ-उतार ३००. एकूण १०,१२५. किलोला दहा रुपये बारा पैसे. मागच्या वेळचे कमी पडलेले अडीच किलोही कारखानदाराने सुटे पाठवले.

गाडी समाजमंदिरापुढे लागली तेव्हा थंडी होती, बायांनी शाली घेतल्या होत्या. आईने स्वतःची चुंगडी स्वतः खांद्यावर घेतली.

२ फेब्रुवारी

आमच्या घरी रोज एक किलो आठशे ग्रॅम लागतात, महिन्याला चोपन्न किलो, साडेपाचशे रुपये. आई नोव्हेंबरपासून सरपणाला गेलेली नाही. परवा जंगलाकडे निघाली तेव्हा मी विचारलं, तर रानातलं काही भेटते का पाहतो म्हणाली, त्याही तीन बाया मिळून आणि उन्हं वर आल्यावर.

राहिलेली कामं : मृग लागायच्या आत समाजमंदिराच्या मागच्या खोलीत जमिनीपासून वीतभर उंच फळ्या ठोकायच्या, चुंगड्या भिंतीला टेकू द्यायच्या नाहीत. पावसाळ्याचे चार महिने धरून एप्रिलमध्ये दोन टनांची ऑर्डर. बिनपंख्याच्या दोन शेगड्यांचं बघायचं आहे. मामाजींची गाडी १२ तारखेला नागपूरला जाते, कारखानदाराला आधी फोन.